‘मस्त क्लिक!’च्या पुढे काय लिहायचं?

बसमध्ये हेडफोन लावून ऐकताय, की भांडी घासता घासता? कसंही ऐका, पण आधी एक छोटं काम करा. तुमच्या छंदाचा जो ग्रुप आहे ना, ट्रेकचा, गच्चीवरच्या बागेचा, पक्ष्यांचा, गिटारचा, जो असेल तो, तो मनातल्या मनात उघडा आणि शेवटचे दहा मेसेज आठवा. कुणीतरी काहीतरी टाकलंय. त्याखाली काय आहे? अंगठा. अंगठा. ‘मस्त क्लिक’. जोडलेले हात. ‘एक नंबर’. परत अंगठा. आणि मग कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं आणि ती पोस्ट वर निघून जाते. कायमची.

माझं अंगठ्याशी भांडण नाही. मीही दिवसाला पन्नास देते. पण आज मला त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल बोलायचंय. कुणीतरी आपल्या छंदातलं काही आपल्यासमोर ठेवतं, तेव्हा त्याला नीट उत्तर कसं द्यायचं? माझा छंद पक्षी बघण्याचा, म्हणून उदाहरणं सगळी पक्ष्यांची येतील. तुम्ही तुमच्या छंदाची घाला.

आधी एक उत्तर सांगते, जे मला मिळालं. नंतर एक सांगते, जे मी दिलं. दुसरं सांगायला जरा जड जाणार आहे.

तर पहिलं. मला पक्षी बघायला लागून चारेक महिने झाले होते. जूनचा पहिला आठवडा, पुण्यातली वेताळ टेकडी, सकाळचे सात. भावाचा कॅमेरा उसना घेतला होता. समोरच्या फांदीवर एक पक्षी येऊन बसला. राखाडी पाठ, पोटावर तांबूस आडव्या रेषा, पिवळे डोळे, शेपटीवर पट्टे. माझे हात थरथरायला लागले. शिक्रा! मी आयुष्यात पहिल्यांदा शिकारी पक्ष्याचा फोटो काढत होते. घरी येऊन ग्रुपवर टाकला: ‘शिक्रा, वेताळ टेकडी, सकाळी ७’. अंगठे आले, ‘जबरदस्त’ आलं, ‘भारी’ आलं. मी दिवसभर हवेत.

संध्याकाळी ग्रुपमधल्या एका काकांचा मेसेज आला. काका तसे कमी बोलणारे. मेसेज मी अजून जपून ठेवलाय, म्हणून जवळजवळ तसाच्या तसा सांगते: ‘फोटो चांगला आला आहे, पोटावरच्या रेषा अगदी मोजता येतील. मला मात्र हा शिक्रा वाटत नाही. चोच मोठी करून बघ. शिक्र्याला मांस फाडायचं असतं, त्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते. ही तशी दिसते का? आणि एक आठवून सांग, हा बसला तेव्हा आजूबाजूला कोण ओरडत होतं?’

खरं सांगू? मला राग आला. एवढ्या लोकांनी शिक्रा मान्य केला आणि हे कोण? पण फोटो मोठा केला. चोच जवळजवळ सरळ. टोकाला जेमतेम वळण. आणि मग तो दुसरा प्रश्न. कोण ओरडत होतं? मला आठवलं. सातभाई! खालच्या झुडपात सातभाईंनी नुसता कल्ला केला होता. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, माझं सगळं लक्ष फोकसवर. मी लिहिलं, ‘काका, सातभाई. खूप ओरडत होते.’ काकांचं उत्तर आलं, ‘अगं, मग झालं की. आता पावसाच्या तोंडावर पेरते व्हा, पेरते व्हा असं कोण ओरडतं, ते शोध.’

पावशा! तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. आजीच्या तोंडून ‘पेरते व्हा’ ऐकलं होतं. पण तो आवाज काढणारा पक्षी कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, आणि तो माझ्या कॅमेऱ्यात बसला होता. पावशा दिसतो अगदी शिक्र्यासारखा. तो कोकीळेच्या कुळातला. स्वतः घरटं बांधत नाही, अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. म्हणून सातभाईंना तो डोळ्यासमोर नको असतो. काकांनी मला नाव सरळ सांगितलं असतं, तर मी ‘थँक्यू काका’ म्हणून विसरले असते. त्यांनी मला माझ्याच फोटोकडे आणि माझ्याच सकाळीकडे परत पाठवलं. त्या दिवसापासून मी पक्षी दिसला की आधी कान उघडते.

आता त्या मेसेजची जरा चिरफाड करू. त्यात काय काय होतं? पहिली गोष्ट, त्यांनी फोटो खरंच बघितला होता. ‘रेषा मोजता येतील’ हे फोटो न बघता लिहिताच येत नाही. ‘मस्त’ लिहिता येतं. दुसरी, मत होतं आणि मताला कारण होतं: चोच अशी, कारण खाणं असं. तिसरी, एक प्रश्न होता, ज्याचं उत्तर फक्त माझ्याकडे होतं. टेकडीवर मी होते, काका नव्हते. आणि चौथी, शेवटची पायरी माझ्यासाठी सोडली होती. हे सगळं सात-आठ ओळींत. त्यांचा किती वेळ गेला असेल? पाच मिनिटं?

तुम्ही म्हणाल, एका मेसेजला एवढं काय डोक्यावर घ्यायचं? थांबा. याच प्रकारचं एक उत्तर मुंबईत १९०८ साली दिलं गेलं होतं, आणि त्याने भारतातल्या पक्षीअभ्यासाची दिशा बदलली. गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, तरी या बाजूने ऐका.

गिरगावात खेतवाडीला मामांकडे वाढणारा एक अनाथ मुलगा. वय अकरा-बारा. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा नाद. एकदा एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मुलाने मामांना विचारलं. मामांना सांगता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते, त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे धाडलं. इंग्रज साहेबासमोर जायचं म्हणून मुलगा घाबरलेला, हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी.

आता मिलर्डसाहेबांच्या जागी स्वतःला ठेवा. सोसायटी १८८३ सालची, नावाजलेली. समोर एक पोरगं, चिमणी घेऊन. ‘पिवळ्या गळ्याची चिमणी आहे, जा’ एवढं सांगून विषय संपवता आला असता. उत्तर बरोबरच असतं. मिलर्डनी नाव तर सांगितलंच. पण मग त्या मुलाला आत नेलं, कपाटांतले खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, त्याच्या चिमणीसारख्या चिमण्या दाखवल्या, म्हणजे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी फरक कळेल. वाचायला पुस्तकं दिली. पक्षी कसा सोलायचा, कसा जपून ठेवायचा, नोंद कशी करायची, हे शिकायची सोय केली.

तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा त्याच्या नावात ती पडलेली चिमणीच आहे: ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. पद्मविभूषण मिळालं, जगभर नाव झालं, पण पुस्तकाचं नाव चिमणीवरून.

आता प्रत्येक नवख्यात सालिम अली दडलाय असं मी म्हणत नाहीये. बहुतेक वेळा नाहीच. पण उत्तर देणाऱ्याला ते आधी कळत नसतं, एवढंच.

आता माझं उत्तर. जे मी दिलं.

तोवर मी ग्रुपमध्ये जुनी झाले होते. दोन-अडीचशे पक्षी बघून झालेले, जरा शेफारलेलेही. एप्रिलमध्ये एक नवा मुलगा आला, नववीतला, तालुक्याच्या गावचा. साध्या फोनवर काढलेला फोटो टाकला. विजेच्या मीटरच्या पेटीवर बसलेली साळुंकी. खाली लिहिलेलं, ‘ताई, दादा, हा कोणता पक्षी?’

मी लिहिलं, ‘साळुंकी आहे रे. एकदम कॉमन. असे फोटो टाकत बसलास तर ग्रुप भरून जाईल.’ पुढे हसणारा चेहरा. आणखी दोघांनी त्यावर हसणारे चेहरे टाकले. मुलाने लिहिलं, ‘सॉरी ताई.’ तीन-चार दिवसांनी ग्रुपवर ती करड्या अक्षरातली ओळ आली, अमुक नंबर बाहेर पडला. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

काही महिन्यांनी फोनमधली जागा भरली म्हणून फोटो पुसत बसले होते. तो फोटो आला. पुसायच्या आधी सहज मोठा केला. साळुंकीच्या चोचीत निळ्या प्लास्टिकची पट्टी होती. आणि मागे, मीटरच्या पेटीच्या एका बाजूला वायर आत जायचं भोक होतं, त्यातून वाळलेलं गवत लोंबत होतं. ती घरटं बांधत होती. त्या पेटीत. हे सगळं त्या फोटोत होतं. मी बघितलंच नव्हतं. मला पक्ष्याचं नाव माहीत होतं ना, म्हणून मी बघायचं थांबले होते.

मी काय विचारू शकले असते? ‘चोचीत काय आहे रे?’ एवढंच. किंवा, ‘ती परत परत तिथेच येते का? किती वेळाने येते, उद्या जरा मोजशील?’ त्या मुलाच्या घराच्या भिंतीवर जे चाललं होतं, ते बघायची संधी फक्त त्याला होती. ग्रुपमध्ये कुणालाच नव्हती. माझ्या एका ओळीने ते आमच्यापर्यंत यायचं थांबलं. तो अजून पक्षी बघतो का, मला माहीत नाही.

तर मंडळी, याच्यातून मी जे शिकले ते सांगते. नियम म्हणून नाही, मी स्वतः आता काय करते ते.

एक. लिहायच्या आधी फोटो मोठा करते. मजकूर असेल तर शेवटपर्यंत वाचते, ऑडिओ असेल तर पूर्ण ऐकते. आणि त्यातली एक तरी नेमकी गोष्ट उत्तरात लिहिते. ‘मस्त’ लिहायचं असेल तर काय मस्त, तेही लिहिते. ‘उजेड मागून आहे तरी डोळा दिसतोय, कसं जमवलंस?’ समोरच्याला कळतं, कुणीतरी खरंच बघितलं.

दोन. नाव सांगायची घाई करत नाही. बघा, नाव सांगायला आता ॲप आहे. मर्लिनला आवाज ऐकवा, ते नाव सांगतं. गूगल लेन्सला फोटो दाखवा, ते काहीतरी नाव सांगतंच. कधी बरोबर, कधी साफ चूक. मग माणसाने काय सांगायचं? माणसाने कारण सांगायचं. ‘मर्लिन म्हणतंय’ हे कारण नाही. ‘शेपटी सारखी वर-खाली हलवत होता, पाण्याच्या कडेला होता, म्हणून मला धोबी वाटतो’ हे कारण आहे. कारण चुकलं तरी त्यातून पुढचं बोलणं सुरू होतं. नुसतं नाव बरोबर आलं, तरी बोलणं तिथेच संपतं.

तीन. मतभेद असेल तर मत खोडते, माणसाला नाही. आणि ‘कशावरून?’ असं कुणी मला विचारलं तर चिडत नाही. चिडायचे, हो. ई-बर्डवर तुम्ही एखादा त्या भागात न दिसणारा पक्षी नोंदवलात, तर तिथले तपासणारे स्वयंसेवक तुम्हाला विचारतात, फोटो आहे का, वर्णन देता का. पहिल्यांदा मला हा प्रश्न आला तेव्हा वाटलं, मला खोटं पाडतायत. मग रानपिंगळ्याची गोष्ट कळली आणि माझं डोकं ठिकाणावर आलं.

रानपिंगळा म्हणजे एक छोटं घुबड. आपल्याकडे गावोगाव दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात, चोच मोठी, आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, जाडजूड. १८७३ साली याचं शास्त्रीय वर्णन झालं. १८८४ नंतर पक्की नोंदच नाही. पण रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दावा केला होता, की आपण १९१४ साली गुजरातमध्ये हा पक्षी मिळवला. मोठा माणूस, मोठा संग्रह, सोबत चिठ्ठी लावलेला नमुना. लोकांनी मान्य केलं. शोधणारे त्या पत्त्यावरही शोधत राहिले.

मग १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अभ्यासिकेने त्याच्या संग्रहातला एकेक नमुना तपासायला घेतला. त्यात उघड झालं की तो नमुना मुळात दुसऱ्याने जमवलेला, जुना. माइनर्टझागेनने तो उचलून चिठ्ठी बदलली होती. १९१४ ची नोंद खोटी! मग रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार जुन्या खऱ्या नोंदींच्या जागांवर शोधायला आले. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, भर दिवसा रानपिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षांनी. आज तो भाग नंदुरबार जिल्ह्यात येतो.

म्हणजे बघा, एक खोटा तपशील मोठ्या माणसाने दिला, आणि कितीतरी वर्षं कुणी ‘कशावरून?’ असं नेटाने विचारलं नाही. ज्या दिवशी ते विचारलं गेलं, त्या दिवशी त्या पक्ष्याकडे जायची खरी वाट मोकळी झाली. म्हणून मी आता ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारते आणि झेलतेही. फक्त विचारायची पद्धत असते. ‘काहीही काय!’ हा प्रश्न नाही. ‘डोक्यावर ठिपके दिसले का? पाय दिसले का?’ हा प्रश्न आहे.

चार. हे विचारणाऱ्यांसाठी. चांगलं उत्तर हवं असेल तर सामान पण द्या ना! नुसता धूसर फोटो आणि ‘कोणता?’ यावर काका तरी काय करणार? कुठे दिसला, किती वाजता, शेतात, पाण्यावर की झाडावर, काय करत होता, केवढा होता. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, इतकं लिहिलं तरी पुष्कळ. आणि तुम्हाला काय वाटतं तेही लिहा. चुकलं तर चुकलं. मी शिक्रा लिहिलं नसतं, तर मला पावशा असा कायमचा लक्षात राहिला नसता.

पाच. तपशील हवा, पण प्रत्येक तपशील सगळ्यांसमोर नको. घरटं, घुबडाची बसायची ढोली, यांची नेमकी जागा मोठ्या ग्रुपवर विचारू नका आणि सांगू नका. लोक कॅमेरे घेऊन गर्दी करतात, पक्षी घरटं सोडून जातो. तुम्ही कुणाला घरट्याच्या फार जवळून काढलेल्या फोटोवर ‘वा!’ लिहिता, तेव्हा पुढच्याने आणखी जवळ जावं असं सुचवत असता. तिथे ‘किती लांबून काढलास?’ हा प्रश्न जास्त कामाचा. आणि तो शक्यतो त्या माणसाला वेगळा मेसेज करून विचारा, चारचौघांत नाही.

हे सगळं रोज, प्रत्येक पोस्टला करायचं का? छे! वेळ कुणाला आहे? माझाच हिशेब सांगते: दिवसाला एक. पन्नास अंगठे जातात, जाऊ देत. एक उत्तर मात्र नीट. आणि शक्यतो अशा पोस्टला, जिच्याखाली कुणीच काही लिहिलेलं नाही. ज्येष्ठांच्या फोटोंना दाद द्यायला पुष्कळ जण असतात. साळुंकी टाकणाऱ्याला कुणी नसतं.

तुम्ही ग्रुप चालवत असाल तर आणखी एक. नियमांची लांबलचक यादी चिकटवून काही होत नाही, ती कुणी वाचत नाही. तुम्ही स्वतः तसं उत्तर दिलंत की दोन-तीन जण आपोआप तसं लिहायला लागतात. आमच्याकडे काकांमुळेच तसं झालं. आता फोटो आला की कुणीतरी विचारतंच, ‘आजूबाजूला कोण ओरडत होतं?’ तो आमच्या ग्रुपचा विनोदच झालाय, पण प्रश्न खरा आहे.

त्या मुलाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ग्रुपच्या जुन्या मेसेजमध्ये त्याचा नंबर होता. मी त्याला लिहिलं. माफी मागितली, आणि लिहिलं की तुझ्या फोटोत साळुंकी घरटं बांधत होती, ते मला तेव्हा दिसलं नाही, चूक माझी होती, आणि तिची पिल्लं बाहेर पडताना तू बघितलीस का? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्याने ते द्यायलाच हवं असं काही नाही. फोटो मात्र मी पुसलेला नाही.

चला, तर या आठवड्याचं काम. तुमच्या ग्रुपवर जा, जिच्याखाली एकही शब्द नाही अशी एक पोस्ट शोधा, ती मोठी करून बघा, आणि त्या माणसाला एक असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत असेल. काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा. मी वाचते. आणि हो, यापुढे नुसता अंगठा पाठवला नाही, तर उत्तरही देते.

भेटू पुढच्या भागात. तोवर, बघत राहा, ऐकत राहा!